गेंड्याचा हात

दवाखान्याच्या दारावर तिच्या नावाची भारदस्त पाटी होती, पण गल्लीत तिला सगळे 'खांदेवाली' म्हणूनच ओळखत. खांदा धरला, मान अवघडली, पाठीत उसण भरली, की चला खांदेवालीकडे. तिचा धाकटा दीर तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आमची वहिनी जिवंत माणसालाच खांदा देते." यावर दुसरी एखादी फणकारली असती. ही म्हणायची, "मेल्यावर द्यायला कोणीही येतं रे. जिवंतपणी देणाऱ्याकडे रांग लागते."

आणि रांग लागायची हे खरं होतं. तळमजल्यावरची एक खोली, त्यात एक उंच पलंग, भिंतीला टांगलेली कप्पी आणि दोरी, रबरी पट्ट्यांचा गुंता आणि एक माणूसभर आरसा. बाईच्या हाताला गुण होता आणि जिभेला धार. माणूस आत आला की "कुठे दुखतंय" हे ती नंतर विचारायची. आधी म्हणायची, "ती पिशवी उचलून दाखवा." त्याने उचलली की झालंच. "असं उचलता होय? मग खांद्याने तरी काय करावं बिचाऱ्याने!" तिचा एक कायदा होता आणि त्याला अपील नव्हतं : कमरेत वाकायचं नाही. पाठ ताठ ठेवायची, जमिनीजवळचं काही धरायला जायचं नाही, कमरेच्या उंचीला जे हाताशी येईल ते धरून उचलायचं. अर्धी गल्ली तिच्या धाकाने ताठ चालायची.

या बाईला घरातल्याच एका रोग्याने मात्र दाद दिली नाही. तो म्हणजे तिचे सासरे.

सासऱ्यांचा जन्म लिफ्टच्या दुरुस्तीत गेला होता. शहरातल्या उंच इमारतींच्या गच्चीवर, त्या अंधाऱ्या यंत्रखोल्यांत त्यांनी आयुष्य काढलं. त्यांनी हात लावलेल्या लिफ्टमध्ये कधी कोणी अडकलं नाही, असं ते स्वतः कधीच म्हणाले नाहीत. दुसऱ्याने म्हटलं की खिडकीबाहेर बघायचे, पण कान इकडे असायचे. आता निवृत्त झाले होते, आणि मागच्या वर्षापासून त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. फार नाही. कप बशीत ठेवताना बारीकसा टणटणाट व्हायचा, एवढंच. पण तो टणटणाट घरात सगळ्यांना ऐकू यायचा, आणि कोणी त्याबद्दल बोलायचं नाही.

सुनेने त्यांना व्यायाम दिले. मऊ चेंडू दिला, दाबायला. तो दोन दिवसांत पलंगाखाली गेला. मळायला मातीचा गोळा दिला. म्हातारा म्हणाला, "सूनबाई, ह्या वयात मी काय खेळणी करत बसू?" बाईने हात टेकले. म्हणजे बाहेरून टेकले. मनातून ती हार मानणाऱ्यातली नव्हती.

ती संधीची वाट बघत होती आणि संधी दिरानेच आणली. दीर शाळेत गणित शिकवायचा आणि उरलेल्या वेळात यंत्रांच्या मागे लागायचा. शहरात यंत्रमानवांची स्पर्धा होणार होती, कोणालाही भाग घेता येईल अशी. मैदानावर पडलेल्या लोखंडी कड्या उचलायच्या आणि उंच खुंट्यांवर अडकवायच्या. जो जास्त अडकवेल तो जिंकला. दिराने शेजारच्या बेकरीवाल्याला गळाला लावलं, कारण त्याच्याकडे रिकामं गॅरेज होतं आणि पोती उचलून कमावलेले दंड होते. यंत्राचं नाव ठेवलं गेंडा. बसकं अंग, चार चाकं आणि समोर एक लांब हात.

"त्या हाताच्या खांद्यात गिअरबॉक्स लागेल," दीर जेवताना म्हणाला. "मोटर वेडी होऊन फिरते, तिचा वेग कमी करून जोर वाढवायला. बाजारात तयार मिळतात."

"तयार कशाला?" खांदेवाली म्हणाली. "बाबा करतील."

सासऱ्यांनी मान वर केली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅरेजमध्ये होते, आणि संध्याकाळी त्यांच्या नखांत काळं तेल होतं. बाईने ती नखं पाहिली आणि गालातल्या गालात हसली. मातीचा गोळा नको म्हणणारा हात लोखंडाला नाही म्हणणार नव्हता, याची तिला खात्री होती. गिअरबॉक्स ही तिने लिहून दिलेली गोळी होती.

पुढचे काही महिने म्हातारा गॅरेजमध्येच राहायला गेल्यासारखा झाला. दातेरी चाकं त्यांनी तिथल्या छोट्या यंत्रावर स्वतः कापली, दात्यांच्या कडा स्वतः कानशीने घासल्या. कोणाला हात लावू दिला नाही. हात कापायचा, नाही असं नाही. पण कानस हातात घेतली की तो कंप कुठे जायचा कोण जाणे. शेवटचं मोठं चाक, ज्यावर हाताचा सगळा भार यायचा, त्याचे त्यांनी दोन जादा नग करून ठेवले. "लिफ्टवाला जादा भाग जवळ ठेवल्याशिवाय शिडी चढत नाही," ते म्हणाले. जेवताना ते आता बोलायला लागले होते. कप बशीवर वाजायचा, पण त्यांचं तिकडे लक्ष नसायचं. गॅरेजमध्ये गेंड्याने कड्या उचलल्या, पुन्हा उचलल्या, दिवसभर उचलल्या. हात हलला नाही की डगमगला नाही. बेकरीवाला म्हणाला, "ह्या हाताचा कोणी हात धरणार नाही," आणि स्वतःच्याच विनोदावर टेबल बडवून हसला.

मग स्पर्धेचा दिवस उजाडला. भलं मोठं सभागृह, एका बाजूला संघांची टेबलं, मधोमध मैदान आणि मैदानाभोवती गुडघ्याएवढं कुंपण. आपलं यंत्र कुंपणावरून उचलून आत ठेवायचं, सामना झाला की उचलून बाहेर काढायचं. गॅरेजमध्ये गेंडा चाकांच्या टेबलावर असायचा, तो ढकलला की जायचा; गाडीतही फळीवरून ढकलतच चढवला होता. इथे उचलावा लागणार होता, आणि बेकरीवाल्याच्या पाठीचा एक मणका आधीच रुसलेला.

"थांबा!" खांदेवाली पुढे झाली. हे तर तिचं राज्य होतं. "कोणी वाकायचं नाही. पाठ ताठ. जे कमरेच्या उंचीला आहे तेच धरा. हां, असं. उचला!" दिराने आणि बेकरीवाल्याने उचललं, गेंडा अलगद कुंपणापलीकडे गेला, बेकरीवाल्याचा मणका शाबूत राहिला. शेजारच्या संघाचे लोक कौतुकाने बघायला लागले, तशी तिने त्यांनाही दोन गोष्टी सुनावल्या.

सामना सुरू झाला. दीर दूरनियंत्रकावर होता. गेंडा पहिल्या कडीपाशी गेला, हात खाली आला, कडी पकडली, हात वर जायला लागला आणि 'कट्' आवाज झाला. हात कडीसकट धप्पकन खाली पडला. मोटर फिरत राहिली, हात जागचा हलला नाही.

"हात गेला," दीर म्हणाला.

सासरे टेबलापाशी स्टुलावर बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

गिअरबॉक्स उघडला. शेवटच्या मोठ्या चाकाचे दाते तुटले होते. सासऱ्यांनी जादाचं एक चाक बसवलं. सुनेने दिराला धारेवर धरलं. "तू झटका दिलास. तुझा हात जड आहे. लहानपणी दारं कशी आपटायचास ते मला तुझ्या आईने सांगितलंय." दीर शपथा घ्यायला लागला. पुढच्या सामन्याला तो इतक्या हळुवारपणे चालवत होता की समोरच्या संघाने तोवर तीन कड्या अडकवल्या. गेंड्याचा हात वर निघाला. 'कट्'.

दीर आणि बेकरीवाला गेंड्याला उचलून टेबलापाशी घेऊन आले आणि झाकण उघडलं. तेच चाक, तसेच तुटलेले दाते. सासऱ्यांनी ते काढून हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि टेबलावर ठेवलं. ठेवताना ते टेबलाच्या पत्र्यावर टणटणलं. बराच वेळ टणटणलं.

दिराने टेबलाखालून एक पुठ्ठ्याचा खोका काढला. त्यात तयार गिअरबॉक्स होता, कारखान्यातला, चकचकीत. त्याने तो अडीअडचणीला म्हणून आणून ठेवला होता आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

"कवळी," बेकरीवाला हळूच म्हणाला, आणि कोणी हसलं नाही म्हणून गप्प झाला.

"बाबा," दीर खाली बसून म्हणाला, "अजून एक सामना आहे. त्यात कड्या अडकवल्या तर पुढच्या फेरीत जाऊ. तुमचं जादाचं एकच चाक उरलंय. हा बसवू?"

"बसव," सासरे म्हणाले. "मला विचारू नकोस. कापताना माझाच हात हलला असणार. दाते वाकडे पडले असतील." मग त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली घेतला, जसा एखादा डाग झाकावा, आणि म्हणाले, "एवढंच होतं ते. आता मी कानस हातात धरणार नाही. गॅरेजमधली माझी हत्यारं तुम्ही वाटून घ्या."

स्पर्धा गेली खड्ड्यात. खांदेवालीने या माणसाला गॅरेजमध्ये पाठवलं होतं. तिने दिलेली गोळी होती ती, आणि आता तीच अंगावर आली होती. हा माणूस आज घरी जाऊन खिडकीपाशी बसला तर पुन्हा उठायचा नाही, हे तिला अगदी लख्ख दिसलं. पण बाई घाबरली की तिचा आवाज चढायचा.

"काहीतरीच काय! गॅरेजमध्ये दिवसदिवस चाललं तेव्हा दाते सरळ होते, आणि इथे आल्यावर वाकडे झाले?"

"वहिनी, भावनेच्या भरात बोलू नकोस."

"मी भावनेच्या भरात बोलत नाही. माझ्याकडे रोज माणसं येतात आणि म्हणतात, बाई, खांदा कामातून गेला. खांदा कधीच आपल्या आपण जात नाही. कोणीतरी त्याच्याशी वाईट वागलेलं असतं."

"मी वाईट वागलो नाही!" दीर कळवळून म्हणाला. "तू बघत होतीस."

ती बघत होती, आणि त्याने खरंच यंत्राला फुलासारखं चालवलं होतं. दिराने खोका फोडला. तयार गिअरबॉक्स बसवायला गेंड्याचं तोंड दुसरीकडे करावं लागणार होतं.

"मी फिरवतो," बेकरीवाला पुढे आला. शहाण्या मुलासारखी त्याने छाती काढली, पाठ ताठ केली आणि धडा म्हटल्यासारखं म्हणाला, "वाकायचं नाही. कमरेच्या उंचीचं धरायचं." आणि गेंड्याचा हात धरून वर ओढला.

चाक काढलेलं होतं, हाताला आता अडवणारं काहीच नव्हतं. गेंडा जागचा हलला नाही. हात मात्र सणकन वर उडाला आणि बेकरीवाल्याच्या हनुवटीवर बसला.

"आई गं!" बेकरीवाला.

"तू तिथे का धरलंस?" खांदेवाली.

"म्हणजे? मी तिथेच धरतो की. सकाळपासून."

"हाताला?"

"मग कशाला? बाकी सगळं खाली, घोट्यापाशी आहे. वाकलो असतो तर तुम्ही मला जिवंत ठेवलं असतं?" तो हनुवटी चोळत म्हणाला. "तुम्हीच तर दाखवलंत. असं धरा म्हणालात. तुमचा स्वतःचा हात होता तिथे."

खांदेवालीने टेबलावरचं तुटकं चाक उचललं आणि सासऱ्यांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, हात कडी उचलतो तेव्हा ह्या दात्यांच्या कुठल्या बाजूवर भार येतो?"

सासरे बघेनात. "आता काय करायचंय ते."

"सांगा ना."

त्यांनी नाइलाजाने चष्मा वर केला. "ह्या बाजूवर. हात नेहमी खालीच पडायला बघतो, त्याला वर ढकलायचं एवढंच काम. दुसऱ्या बाजूला कधी..." ते थांबले. त्यांनी चाक तिच्या हातातून घेतलं आणि तुटलेल्या दात्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, मग परत. "हे उलटे तुटलेत," ते म्हणाले. "हाताला कोणीतरी वर ओढलंय. पण वर कोण ओढणार? मैदानात तर वर ओढणारं काही नाही."

"मैदानात नाही. कुंपणापाशी," सून म्हणाली. "ह्याने हात धरला आणि अख्खा गेंडा त्या हाताला लटकवला. दोन्ही वेळा दाते तिथेच चिरले, आणि मैदानात पहिल्या कडीला गळून पडले. गॅरेजमध्ये टेबलाला चाकं होती, तिथे आपण त्याला कधी उचललंच नाही." तिने एक श्वास घेतला. आसपासच्या टेबलांवरची माणसं, ज्यांना तिने सकाळी ताठ उभं केलं होतं, ती सगळी वळून बघत होती. बघू देत. "आणि ह्याचा दोष नाही. कमरेच्या उंचीचं धरा, हे मी सांगितलं. धरून दाखवलं. माणसांच्या पाठी वाचवल्या आणि गेंड्याचा खांदा उखडला. मी! खांदेवाली!"

सासरे तिच्याकडे बघत राहिले. "सूनबाई, माझा गिअरबॉक्स तू मोडलास?"

"हो, बाबा. दोनदा."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काय काय झालं ते सांगणं कठीण आहे. आधी ओठ हलले, मग भुवया, मग सगळं अंगच हलायला लागलं आणि दिराला वाटलं त्यांना काही होतंय. ते हसत होते. लिफ्टच्या यंत्रखोलीत एकट्याने आयुष्य काढलेला माणूस, आवाज न करता हसायचा. डोळ्यांतून पाणी आलं. तिलाही हसू फुटलं आणि त्यासरशी छातीवरचा धोंडा उतरला.

"बंद कर तो खोका," ते दिराला म्हणाले. "माझं उरलेलं चाक दे."

वेळ थोडा होता. चाक बसलं, आस बसला, शेवटी आसावर एक बारीकशी कडी चढवायची राहिली, ती नसेल तर चाक सरकून बाहेर येतं. सासऱ्यांनी ती चिमट्यात धरली आणि चिमटा थरथरायला लागला. कडी आसाच्या टोकाला लागून निसटली. पुन्हा निसटली. बेकरीवाल्याने मदतीला हात पुढे केला, तर खांदेवालीने तो मनगटाला धरून मागे घेतला. आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. हे तिला फार जड गेलं. दुसऱ्याचा हात चुकतोय आणि आपण धरायचा नाही, हे तिने जन्मात केलं नव्हतं.

सासऱ्यांनी कोपर गेंड्याच्या पाठीवर टेकवलं, श्वास सोडला. कडी टिक करून बसली.

"चला," ते म्हणाले.

"खालून धरा!" खांदेवाली ओरडली. "गुडघ्यात वाका, बसा खाली, सांगाड्याला धरा. हाताला ज्याचा हात लागेल त्याने माझ्या दवाखान्यात पाऊल ठेवायचं नाही!" बेकरीवाला कण्हत खाली बसला. मणका कुरकुरला, पण टिकला. तिनेही एका बाजूने सांगाडा धरला. सकाळी तिच्याकडून ताठ उभं राहायला शिकलेला शेजारचा एक गडी म्हणाला, "बाई, आता वाकायचं ठरलं का?" ती म्हणाली, "गुडघ्यात! कमरेत नाही! कान साफ करून या!"

गेंडा मैदानात गेला. पहिली कडी. हात वर जायला लागला तेव्हा चौघांनीही श्वास धरून ठेवला. हात गेला, वर, आणखी वर, आणि कडी खुंटीवर पडली. मग दुसरी. मग दिराला चेव आला आणि वहिनीच्या बोलण्याचा सगळा राग त्याने यंत्रावर काढला. झटके दिले, गर्रकन वळवलं, कड्या ओरबाडल्या. हात कशालाच हूं की चूं म्हणाला नाही. ते पुढच्या फेरीत गेले. त्या फेरीत ते हरले, कारण दिराने शेवटची कडी भलत्याच खुंटीवर अडकवली, आणि ती विरोधी संघाच्या खात्यात गेली. गणिताच्या मास्तरला खुंट्या मोजता येईनात म्हणून खांदेवालीने त्याला तिथेच झापलं. पण त्या झापण्यात काही दम नव्हता. तिचं अर्धं लक्ष सासऱ्यांकडे होतं.

ते सामना संपल्यावर गेंड्याजवळ जाऊन उभे होते. गाडीत चढवतानाही जवळ होते. घरी जाताना मागच्या सीटवर ते गप्प बसले, आणि त्या गप्पपणाची तिला धास्ती वाटायला लागली. गिअरबॉक्स निर्दोष ठरला, ठीक आहे. पण हत्यारं वाटून घ्या म्हणाले होते, ते अजून परत घेतलं नव्हतं. विचारावं का? विचारलं आणि नाही म्हणाले तर? ती कोणाला प्रश्न विचारायला कचरल्याचं तिलाच आठवत नव्हतं.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा सासरे म्हणाले, "आवाज येतोय त्यात."

"कशात?" दीर म्हणाला.

"शेवटच्या चाकात. हात अर्ध्यावर आला की खर्र होतं. जरासंच. घाईघाईत कडा नीट मारल्या नाहीत मी. उद्या उघडतो. तेही नवंच कापावं लागेल."

"मला तर काही ऐकू आलं नाही, बाबा."

"तुला नाही यायचं," म्हातारा तुसडेपणाने म्हणाला. "आणि माझी कानस कोणी घेतली असेल तर आजच आणून ठेवा जागेवर."

खांदेवालीलाही काही ऐकू आलं नव्हतं. ती समोर रस्त्याकडे तोंड करून बसली होती, आणि तिला रडू आलं. तिने ते येऊ दिलं. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "उद्या सकाळी लवकर जा बाबा. आणि स्टूल उंच घ्या, वाकून कापायचं नाही."

"ते मी माझं बघेन," सासरे म्हणाले. "तू गेंड्यापासून लांब राहा."